खिडकीतली चपटी

बुधवारा, बुऱ्हाणपूर
२४ मार्च २०२५

चि. हिमानीस,

सुलभामावशीचा आशीर्वाद. स्पीड पोस्टाने मावशीचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन का नाही केला म्हणशील. माझं व्हॉट्सॅप तृप्तीने स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून ठेवलंय, साड्यांचे फोटो बघायला. आणि फोनवर मी बोलायला लागले की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक भाव करायचं थांबून वर बघतं. म्हणून हा कागद. वाचून झाला की फाडून टाक.

तृप्तीचं इथल्या जवळच्याच शहापूरच्या स्थळाशी जमत आलंय हे तुला ठाऊक आहेच. मुलगा स्वप्निल, घरची केळीची बाग, एमएस्सी ॲग्री, बोलायला महाकंजूष. पण आलेल्या प्रत्येक मुलात खोट काढणारी आपली बाई याचा फोन आला की गच्चीवर जाते आणि तिचं हसणं मला खाली ऐकू येतं. मी मनातल्या मनात हॉलसुद्धा ठरवून टाकला होता.

शुक्रवारी तो एकटाच आला, केळीचा घड घेऊन. तृप्ती कंप्युटर क्लासला शिकवायला गेलेली. चहा प्यायला, तुझ्या काकांच्या दहा प्रश्नांना मिळून तीन शब्द बोलला आणि गेला. मी पडदा सारायला गेले तर खिडकीत, गजाला टेकून, पडद्याआड एक बाटली! काचेची, चपटी, लेबल नाही, बूच घट्ट, आत पाण्यासारखं नितळ काहीतरी. असल्या बाटलीत लोक काय ठेवतात ते मला कोणी शिकवायला नको.

आणि तुझ्या काकांचं तुला माहीत आहे. थोरले भाऊजी दारूपायी गेले तेव्हापासून ज्या घरात बाटली, त्या घराशी यांचा रामराम. यांना नुसता संशय आला तरी ते विचारपूस न करता स्थळ मोडतील. मी बाटली उचलली आणि गोधड्यांच्या पेटीत खाली दडवली.

आता वास घेऊन बघायचा तर कोरोनापासून माझं नाक फक्त चष्मा ठेवायला उरलंय. दुसऱ्या कोणाला हुंगायला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. त्यात तृप्तीने दोनदा विचारलं, "आई, खिडकीत काही मिळालं का गं?" मी साफ नाही म्हटलं. म्हणजे पोरीलाही मालूम आहे बघ! ती त्याचं झाकून राहिली आहे. त्या दिवसापासून गच्चीवरचं हसणंही बंद आहे.

तू नाशकात एवढ्या मुलांना केमिस्ट्री शिकवतेस. वास न घेता, चव न घेता, कोणाला न विचारता बाटलीत काय आहे ते कसं ओळखायचं, तेवढं सांग. माझ्या लेकीचं लग्न त्या बाटलीत अडकलंय.

पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा घरात मी एकटीच असते. बिनधास्त लिही.

तुझी,
सुलभामावशी


नाशिक
२८ मार्च २०२५

प्रिय मावशीस,

गुप्तहेर खात्याच्या नाशिक शाखेकडून साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये वाचलं आणि एकटीच हसले. आता बाजूच्या मॅडमना वाटतंय माझंच कुठेतरी जमतंय. पण काळजी खरी आहे हे कळतंय, म्हणून शहाण्यासारखं लिहिते.

पहिली गोष्ट, चाखायचं नाही. "बोट लावून बघते" हेसुद्धा नाही. गॅसपाशी न्यायचं नाही. हातात पिशवी घालून बूच उघड.

दुसरी गोष्ट, नाक नसलं तरी बिघडत नाही. तुझ्याकडे वजनकाटा आहे, मी दिवाळीला दिलेला, ज्यावर तू केक सोडून बाकी सगळं मोजतेस. प्रत्येक पातळ पदार्थाचा एक स्वभाव असतो. तेवढ्याच भांड्यात पाणी एका वजनाचं बसतं, रॉकेल हलकं बसतं, पाक जड बसतो. ह्यालाच पुस्तकात घनता म्हणतात. पदार्थ दिसायला कितीही साळसूद असू दे, काट्यावर चढला की त्याचं बिंग फुटतं.

तर एक पावाचं माप घे. रिकामं माप काट्यावर ठेवून काटा शून्यावर आण. आधी साधं पाणी काठोकाठ भरून वजन बघ, अडीचशे ग्रॅम यायला हवं. मग माप कोरडं करून बाटलीतलं भर. दारू असेल तर पाण्यापेक्षा हलकी, म्हणजे दोनशे पस्तीस-चाळीसच्या आसपास येईल. रॉकेल असेल तर दोनशे. आकडा मला कळव, निकाल मी देते.

आणि मावशी, निकाल लागेपर्यंत त्या बिचाऱ्याला फाशी देऊ नकोस.

तुझी,
हिमानी


बुधवारा
२ एप्रिल २०२५

चि. हिमानीस,

आशीर्वाद. काम फत्ते. हे दुकानात, तृप्ती क्लासला, मी दाराला कडी लावून बसले. शेजारच्या रंजिताने बेल वाजवली तर "अंगाला उटणं लावलंय" म्हणून आतूनच परत पाठवली. आता ती विचारत असते, कसलं उटणं, मलापण द्या.

साधं पाणी काही मोजलं नाही. पाणी अडीचशे येतं हे तूच लिहिलं आहेस, मग खालीपिली माप ओलं कशाला करायचं? सरळ बाटलीतलं ओतलं. पावाचं माप काठोकाठ भरून बाटलीत थोडं उरलंसुद्धा. आकडा आला दोनशे चौऱ्याहत्तर. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला, पुन्हा भरून पाहिलं. दोनशे चौऱ्याहत्तर.

तुझ्या हिशेबाने दारू हलकी यायला पाहिजे. हे तर पाण्याहून जड निघालं! म्हणजे पोरगा पीत नाही ना? एवढं एक वाक्य लिहून पाठव, मी ते देवाजवळ ठेवते.

तृप्ती मात्र तोंड पाडून बसली आहे. तिला म्हटलं मिठाईवाल्याकडचा दराबा आणू का, तर म्हणते भूक नाही. बुऱ्हाणपूरची पोर दराब्याला नाही म्हणते म्हणजे दुखणं मोठं आहे.

सुलभामावशी


नाशिक
५ एप्रिल २०२५

प्रिय मावशीस,

हे घे वाक्य, देवाजवळ ठेव: बाटलीत दारू नाही. दारू पाण्याहून जड होऊच शकत नाही. तुझा होणारा जावई निदान या आरोपातून निर्दोष सुटला.

पण आता मलाच चैन पडेना. अडीचशेच्या जागी दोनशे चौऱ्याहत्तर म्हणजे पाण्यात बरंच काहीतरी विरघळलेलं आहे. दिसायला नितळ आणि एवढं जड असं काय असतं? साखरेचा पातळ पाक. मिठाचं दाट पाणी. उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड, म्हणून पुन्हा सांगते, हात लावू नकोस. किंवा दवाखान्यात शिरेतून देतात ते जोरकस ग्लुकोज. त्याचा आकडा तर तुझ्या आकड्याशी बराच जुळतो.

एक सोपा उपाय करून बघ. बशीत चमचाभर ओत आणि गच्चीवर उन्हात ठेव. तुमच्याकडच्या उन्हात दुपारपर्यंत वाळेल. साखर-ग्लुकोज असेल तर चिकट थर राहील, मीठ असेल तर दाणे. काय राहिलं ते लिही.

ग्लुकोजचं मी आपलं एक उदाहरण म्हणून लिहिलंय. लगेच काही डोक्यात घेऊ नकोस.

हिमानी


बुधवारा
१२ एप्रिल २०२५

चि. हिमानीस,

आशीर्वाद. डोक्यात घेऊ नकोस म्हणून लिहिलंस, आणि मी तेच घेतलं. आई आहे मी, काय करू?

तुझं पत्र वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे तो पोरगा आला. बारीक अंगकाठी, बोलणं कमी, चहात साखर नको म्हणाला होता. मनात म्हटलं, याला काहीतरी मोठा आजार आहे, बाटली जवळ बाळगतो आणि घरचे लपवून राहिले. तृप्तीला कळलंय म्हणूनच ती सुकत चालली आहे. मग मला राहवलं नाही. शहापूरच्या बाजूच्या भाजीवालीला विचारलं, दोन दवाखान्यांत ओळख काढून विचारलं, की अमक्या घरचा मुलगा कधी इथे भरती होता का.

झालं! त्याचे मामा निंबाभाऊ, ज्यांनी हे स्थळ आणलं, ते परवा थेट यांच्या पॉवरलूमच्या पार्टच्या दुकानात येऊन उभे. "अनंतराव, आमच्या पोराला काय बिमारी आहे का? तुमच्या घरून गावभर पूछताछ चालू आहे. लग्न नाही करायचं तर सरळ नाही म्हणा, पोराला बदनाम का करता?" यांना काहीच माहीत नाही. हे बिचारे हातातलं स्पिंडल तसंच घेऊन निघाले. घरी येऊन मला म्हणाले, "सुलभा, तू काय केलं?" मी कांदे चिरत होते, बरं झालं. रडायला कारण शोधावं लागलं नाही.

आणि तृप्ती ते ऐकून आत गेली आणि म्हणाली, "मोडलं तर मोडू दे. नाहीतरी खोटं बोलणाऱ्या माणसाशी मला नाही करायचं." कसलं खोटं ते सांगत नाही. हिमानी, मला फार भीती वाटते आहे. साखरपुड्याची गोष्ट कोणी काढत नाही आता.

तुझी बशी विसरले नाही. उन्हात वाळली. चिकट काही नाही, दाणे नाहीत. नुसता पांढुरका पापुद्रा, आपल्या गीझरच्या नळावर धरतो तसा. पुसला की बशी साफ.

आता तूच सांग मी काय करू.

मावशी


नाशिक
१५ एप्रिल २०२५

मावशी,

आधी माझे कान धर. पुरावा नसताना आजाराचं नाव काढलं मी, आणि त्याचा गवगवा केलास तू. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी वही परत फेकली असती.

तुझ्या बशीने मला जागं केलं. बाटलीतलं पाणी इतकं जड असेल, तर त्यात विरघळलेलं कुठे गेलं? चमचाभर वाळवल्यावर चांगला जाड थर उरायला हवा होता. तुझ्या बशीत तर नावाला पापुद्रा. म्हणजे बशी खरं बोलते आहे आणि माप खोटं.

खरं सांग, पावाचं माप कुठून आणलंस? कशाचं माप आहे ते? मी "पाव" लिहिलं तेव्हा माझ्या मनात पाव लिटर होतं. तुमच्याकडे दूधसुद्धा किलोने मागतात हे मी विसरले. लहानपणी तुझ्याकडे सुट्टीला आले की तू मला "जा, एक किलो दूध घेऊन ये" म्हणून पाठवायचीस आणि मी हसायचे. माझी खात्री आहे की तू तेलाचं माप घेतलंस.

तेल पाण्याहून हलकं. पाव किलो तेल मावायचं तर माप पाव लिटरहून मोठंच असणार. त्यात साधं पाणी भरलं तरी पावणेतीनशेच्या जवळ जाईल.

मी जे पहिल्या पत्रात सांगितलं आणि तू गाळलंस, ते आता कर. त्याच मापात साधं पाणी भर आणि वजन बघ. आणि काहीही निघालं तरी ती बाटली तृप्तीपुढे ठेव. ती लग्न करणार आहे, तू नाही.

हिमानी


बुधवारा, बुऱ्हाणपूर
२१ एप्रिल २०२५

चि. हिमानीस,

आशीर्वाद, आणि कान धरायचेच तर आधी माझे.

माप देवरामभाऊंच्या किराण्यातलं होतं. सुटं तेल द्यायचं जुनं माप, मी "पावाचं माप द्या" म्हटलं, त्यांनी दिलं. पावाला पाव, मला काय मालूम की पावातही जाती असतात! तुझं पत्र हातात आलं तशी उठले, तेच माप घासलं, पुसलं, फिल्टरचं पाणी काठोकाठ भरलं.

दोनशे चौऱ्याहत्तर. एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही.

इतके दिवस गोधड्यांखाली दडवून ठेवलं, ज्याच्यापायी एका सरळ पोराला आधी दारुडा केलं आणि मग रोगी केलं, ते पाणी होतं गं! पण बाटलीत पाणी घालून खिडकीत कोण ठेवतं? डोकं चालेना. मग तू सांगितलंस तसं केलं. काल रविवार, तृप्ती घरी होती. तिच्यापुढे बाटली ठेवली.

तिने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही कुठे होती?"

"गोधड्यांच्या पेटीत."

"आई, मी तुला दोनदा विचारलं होतं."

पुढचं तिच्या तोंडून ऐकताना मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बघायला आले होते तेव्हा, मी चहा करायला आत असताना, त्याच्या आईने, भागाबाईंनी, सगळ्यांसमोर सांगितलं की आमच्या ट्यूबवेलचं पाणी म्हणजे अमृत, डाळ एका शिट्टीत शिजते. आणि तृप्तीच्या क्लासमधली त्यांच्याच गल्लीतली एक मुलगी म्हणाली, कसलं अमृत, तिथे दहा शिट्ट्यांतही दाणा फुटत नाही, म्हणून लोक डाळीपुरतं विकतचं पाणी आणतात. तृप्तीने आपल्या मनाशी ठरवलं, याला विचारायचं नाही, बघायचं. फोनवर म्हणाली, तुमच्या घरचं पाणी एक बाटली आणा. त्याने आणलं. आजीच्या केसांच्या तेलाची बाटली राखेने घासून त्यात भरलं, हिच्या बापासमोर द्यायला लाजला, म्हणून खिडकीत ठेवलं आणि हिला मेसेज केला. ही घरी आली तर खिडकी रिकामी. मला विचारलं, मी नाही म्हटलं. आईवर विश्वास ठेवला पोरीने. मग तो म्हणतो ठेवली, ही म्हणते नव्हती, आणि शेवटी हिने त्याला खोटारडा म्हटलं. त्यावर तो एवढंच बोलला, "मी ठेवली होती," आणि फोन बंद केला.

मला रडू फुटलं. माझी लेक माझ्यामुळे एका खऱ्या माणसाला खोटा समजून बसली होती. मी तिचे हात धरले आणि म्हटलं चुकलं माझं. ती रागावली होती, खूप रागावली होती, पण बाटली तिने खाली ठेवली नाही.

मग उठली आणि म्हणाली, "आई, आता बघूच." बाटलीतलं पाणी, जेवढं शिल्लक होतं तेवढं, छोट्या पातेल्यात ओतलं आणि मूठभर तुरीची डाळ टाकली. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या. पाणी उकळलं, फेस आला, पाणी अर्धं झालं, डाळ जशीच्या तशी. चमच्याने दाबली तर टुणकन उडाली. तुझ्या काट्याला हे कळलं नसतं हो हिमानी. काट्याला सगळं पाणी सारखंच. तुझ्या बशीतला क्षाराचा पापुद्रा मात्र तेव्हाच सांगत होता, आपण वाचला नाही.

मी म्हटलं, झालं, आता पोरगी नाही म्हणणार. तिने फोन लावला, स्पीकरवर, माझ्यासमोर.

"बाटली सापडली. आईने ठेवली होती."

तिकडून एवढंच, "डाळ शिजली?"

"नाही."

"नाहीच शिजणार. मला मालूम होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू पाणी मांगितलं, मी पाणी आणलं. आता इसमें क्या बोलायचं?"

तृप्ती म्हणाली, "घरात फिल्टर आहे ना? त्याचं भरून आणायचं होतं. मला काय कळलं असतं?"

तो म्हणाला, "लग्नानंतर तर कळलंच असतं ना."

हिमानी, त्यानंतर माझी लेक फोन घेऊन गच्चीवर गेली. मी जिन्यात उभी राहिले, ऐकायला नाही, नुसती उभी राहिले. आणि बऱ्याच दिवसांनी ते हसणं ऐकलं. निंबाभाऊंचंही त्यानेच मिटवलं म्हणे. "मामा, पोरगी देऊन राहिले, चौकशी तर करतीलच," असं सांगून गप्प केलं त्यांना. माझी बाजू घेतली बघ त्याने, आणि मी त्याला काय काय म्हटलं!

ह्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते दुकानातून आले, ओट्यावर डाळ दिसली, स्वतःच वाढून घेतली आणि पहिल्याच घासाला थांबले. "ही डाळ आहे का छर्रे? कच्ची ठेवली काय?"

तृप्ती नुकतीच गच्चीवरून खाली आली होती. म्हणाली, "बाबा, डाळ कच्चीच राहणार आता. माणूस पक्का आहे."

त्यांना ओ की ठो कळलं नाही. पण लेकीच्या तोंडाकडे पाहून त्यांनी ती डाळ चावून चावून संपवली, हात धुतला आणि साखरपुड्याची तारीख विचारायला निंबाभाऊंना फोन लावला.

तुझी,
सुलभामावशी